दोघं, दोन बेटं आणि एक मोकळा दिवस : बुलढाण्याहून अंदमानला जाताना

बुलढाणा जिल्ह्यातून कुठल्याही समुद्राकडे निघालं, तरी आधी एक अख्खी रात्र प्रवासात जाते. म्हणून समुद्राची सहल ठरली, की आपल्याकडे तिचा हिशेब तीर्थयात्रेसारखा मांडला जातो. एवढा खर्च होतोय, एवढं लांब जातोय, मग आलोच आहोत तर हेही बघू आणि तेही बघू. रामेश्वर-कन्याकुमारीच्या बसयात्रेत हा हिशेब कसाबसा जुळतो, कारण तिथे रस्ता आहे आणि गाडी आपण म्हणू तेव्हा निघते. बेटांवर तो जुळत नाही. तिथे एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला बोट नेते, आणि बोट सुटणार की नाही हे वारा आणि लाटा ठरवतात. अंदमानहून दमून, वैतागून परतणारी जोडपी बहुतेक वेळा आखणीत हरलेली असतात. म्हणून हा लेख काय काय बघावं यापेक्षा काय सोडावं, कशाला वेळ ठेवावा आणि कोणती काळजी घ्यावी यावर आहे.

आधी ठरवा : अंदमानच का?

दोघांच्या बेटसहलीसाठी आपल्यासमोर साधारण चार पर्याय असतात. मालदीवला पासपोर्ट हवा आणि खर्चाची तयारी हवी. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेशाचा परवाना लागतो, बहुधा कोचीपर्यंत जावं लागतं आणि राहण्याची सोय मर्यादित आहे. खिसा आणि रजा दोन्ही आखूड असतील, तर मालवण-तारकर्ली हा उत्तम पर्याय आहे. शिवरायांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभारलेला सिंधुदुर्ग तिथे आहे, स्कूबाची सोय आहे आणि विमानाचं तिकीट लागत नाही. सिंदखेडराजाच्या लेकीच्या मुलाने बांधलेला जलदुर्ग पाहायला आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं निमित्तही नको.

अंदमान या सगळ्यांच्या मधे बसतं. पासपोर्ट लागत नाही, मुख्य पर्यटन बेटांसाठी भारतीयांना परवाना लागत नाही आणि सगळीकडे हिंदी चालते. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, झारखंडी अशी माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात आणि एकमेकांशी हिंदीतच बोलतात. पहिल्यांदाच दोघं एकटे लांब निघालेल्या जोडप्याला ही मोठी सोय आहे.

नावांचा घोळ आधीच मिटवून घ्या. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजय पुरम झालं. हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही तीन नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली. लोकांच्या तोंडी आणि एजंटांच्या जाहिरातीत जुनी नावंच जास्त असतात. त्यामुळे ‘हॅवलॉक आणि स्वराज द्वीप, दोन्ही दाखवू’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा.

कधी जावं?

अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या तिपटीहून जास्त. नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशात सर्वांत आधी तिथेच पोचतो, साधारण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणून आपल्याकडची लग्नसराई आटोपून मेच्या शेवटी निघणाऱ्या नवदांपत्याच्या वाट्याला नेमका खवळलेला समुद्र येतो. जून ते सप्टेंबर तर टाळाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही परतीच्या पावसाच्या आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या तडाख्याने बोटी बंद पडू शकतात. दुर्गापूजा आणि दिवाळीच्या सुट्टीत गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर सर्वाधिक.

आपल्या जिल्ह्याच्या पंचांगात बसणारा काळ सांगायचा, तर १२ जानेवारीची जिजाऊ जयंती झाल्यापासून शेगावच्या प्रकट दिनापर्यंत, म्हणजे माघ वद्य सप्तमीपर्यंतचा. सोयाबीन केव्हाच विकलं गेलेलं असतं, कापसाची वेचणी उरकत आलेली असते आणि हरभरा अजून शेतात उभा असतो. तिकडे समुद्र शांत असतो, आकाश मोकळं असतं आणि पाण्याखालचं स्वच्छ दिसतं. फक्त २६ जानेवारीला जोडून येणारे दिवस टाळा. शाळा-कॉलेजातल्या नोकरदारांना या दिवसांत रजा मिळत नसेल, तर परीक्षा आटोपल्यावर एप्रिलचा पहिला पंधरवडा चालू शकतो. उकाडा असेल, पण समुद्र बहुधा साथ देतो.

कसं जावं?

अंदमानला विमानाने जायचं तर मुख्य दरवाजे दोन, कोलकाता आणि चेन्नई. दोन्हीकडून विमानाला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. बेंगळुरू आणि हैदराबादहूनही विमानं असतात. जहाजाचा पर्याय आहे, पण त्यात तीन-चार दिवस जातात. मर्यादित रजेच्या दोघांनी तो सोडून द्यावा.

मलकापूर, नांदुरा, शेगाव भागातल्यांना हावड्याची रेल्वे सोयीची. शेगाव ते हावडा हे अंतर सुमारे १४०० किलोमीटर आहे, म्हणजे एक दिवस आणि एक रात्र धरून चला. चेन्नईकडे जाणारी नवजीवन एक्सप्रेसही याच लोहमार्गाने जाते. आपल्या स्थानकावर कोणती गाडी थांबते ते आरक्षणापूर्वी तपासा. विमानानेच निघायचं तर बुलढाणा, चिखली, देऊळगावराजाच्या लोकांना छत्रपती संभाजीनगर जवळ, आणि मेहकर, लोणारच्या लोकांना समृद्धी महामार्गाने नागपूर सोयीचं.

इथे तीन पथ्यं पाळा.

एक, घरापासून श्री विजय पुरमपर्यंतचं विमानाचं तिकीट शक्यतो एकाच आरक्षणात काढा. दोन तिकिटं वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्या विमानाचे पैसे बुडतात. एकाच आरक्षणात पुढची व्यवस्था करणं कंपनीकडे येतं.

दोन, रेल्वेने जात असाल तर कोलकात्यात किंवा चेन्नईत एक रात्र मुक्काम ठेवा. रेल्वे पोचण्याची वेळ आणि विमान सुटण्याची वेळ यांत सहा-सात तासांचं अंतर ठेवून निश्चिंत होऊ नका.

तीन, पहाटेच्या विमानासाठी रात्रभर स्वतः गाडी चालवत समृद्धीवरून जाऊ नका. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ झालेला बस अपघात जिल्हा विसरलेला नाही. आदल्या संध्याकाळी पोचा आणि विमानतळाजवळ झोपा.

मुक्काम : दोनच बेटं

एकूण सात दिवस-सहा रात्री हाताशी असतील, तर मांडणी अशी ठेवा. पहिली रात्र श्री विजय पुरम, पुढच्या तीन रात्री स्वराज द्वीप, मग एक रात्र शहीद द्वीप आणि शेवटची रात्र पुन्हा श्री विजय पुरम. या आखणीतली शेवटची रात्र कधीही कापू नका. विमानाच्या दिवशी सकाळी बेटावरून बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचं, असा बेत एजंट सहज मांडतात. बोट रद्द झाली की विमान गेलंच.

पहिल्या दिवशी उतरल्यावर सेल्युलर जेल. त्याला घाईत उरकायची जागा समजू नका. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगात ६९३ कोठड्या होत्या. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या होत्या, त्यांतल्या तीन आज उभ्या आहेत. विनायक दामोदर सावरकर १९११ मध्ये इथे आणले गेले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच इथे होते आणि तरीही दोघांची भेट दीर्घकाळ होऊ शकली नाही. जाण्यापूर्वी दोघांपैकी एकाने तरी सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ वाचलेलं असावं, म्हणजे कोठडीसमोर उभं राहिल्यावर मार्गदर्शकाच्या पाठ केलेल्या माहितीवर विसंबावं लागत नाही. संध्याकाळी ध्वनी-प्रकाश कार्यक्रम असतो. हिंदी खेळाचं तिकीट आधी काढा आणि जेलची साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या.

स्वराज द्वीपावर राधानगर आणि कालापत्थर हे दोन किनारे पुरेसे आहेत. राधानगर पश्चिमेला आहे, तिथे संध्याकाळी जा. २०२० मध्ये त्याला स्वच्छतेचं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं आहे. कालापत्थर पूर्वेला आहे, तिथे सकाळी. एक दिवस स्कूबा किंवा एलिफंट बीचसाठी, आणि एक दिवस काहीही न ठरवता. हा मोकळा दिवस दोन कामं करतो. समुद्र बिघडला तर तो राखीव असतो. नाही बिघडला, तर लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच दोघांना कुणाच्या वेळापत्रकाशिवाय मिळालेला दिवस असतो.

शहीद द्वीप लहान आहे आणि त्याच्या किनाऱ्यांना भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी रामायणातली नावं आहेत. तिथली खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच नीट बघता येते. म्हणून पोचल्याबरोबर हॉटेलात भरती-ओहोटीच्या वेळा विचारा आणि त्याप्रमाणे दिवस लावा.

एक गोष्ट नकाशावरून लक्षात येत नाही. अंदमान आपल्या पूर्वेला सोळा अंशांहून जास्त लांब आहे, पण घड्याळ भारतीयच आहे. जानेवारीत बुलढाण्यात सूर्य सहा वाजल्यानंतर मावळतो, तिथे साडेपाचच्या आतच. ‘चारला चहा घेऊन पाचला निघू’ म्हणालात तर राधानगरला अंधारात पोचाल. तीन-साडेतीनला निघा. सकाळीही लवकर उजाडतं, त्याचा फायदा घ्या.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बऱ्याच यादीत असतात. त्यासाठी रात्री तीनच्या सुमारास उठून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या ताफ्यात जावं लागतं. त्या रस्त्यावर थांबणं, फोटो काढणं, जारवांना काही देणं हा गुन्हा आहे. माणसं दिसतील या आशेने जंगलातून जाणं हेच मुळात बरं नाही. दोघांच्या आरामाच्या सहलीत हा दिवस सरळ वगळा.

बोटीचं तंत्र

श्री विजय पुरम ते स्वराज द्वीप खासगी वातानुकूलित बोटीला सुमारे दीड तास, सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात. सरकारी बोट स्वस्त आहे, पण तिची तिकिटं स्थानिक रहिवाशांच्याही गरजेची आहेत आणि पटकन संपतात. तिकीट नावावर असतं आणि चढताना मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. आधार दोघांनी आपापलं जवळ ठेवा. एकाच्या पाकिटात दोघांची कागदपत्रं नकोत.

बोट लागणं हा आपल्याकडच्यांना हमखास होणारा त्रास आहे. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको. बोटीच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसा. मोबाइलमध्ये डोकं घालू नका, लांबच्या क्षितिजाकडे बघा. गोळी घ्यायची तर घरच्या डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

पाण्यात उतरताना

आपल्याकडे पोहणं शिकलेले बहुतेक जण विहिरीत किंवा नदीच्या डोहात शिकलेले असतात. विहिरीत चार हातांवर कठडा असतो आणि पाणी जागचं हलत नाही. समुद्रात पाणी तुम्हाला घेऊन चालतं. परतणाऱ्या लाटांचा प्रवाह आत ओढू लागला, तर त्याच्या विरुद्ध किनाऱ्याकडे हात मारत दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत त्या प्रवाहाच्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग किनाऱ्याकडे वळा. झेंडे लावलेल्या, जीवरक्षक असलेल्या जागीच उतरा. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. मगरीचा फलक असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नका.

भिजलेली साडी जड होते आणि पायात गुंतते. सलवार, लेगिंग, वर पूर्ण बाह्यांचा सुकणारा टी-शर्ट हा वेश बायकांना सोयीचा आणि उन्हापासून वाचवणारा आहे. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरीच ठेवून या. साधं काळ्या मण्यांचं पुरतं. जीवरक्षक जाकीट घातलं तर त्याचे सगळे बंद आवळा. फोटोसाठी ते सैल सोडण्याची पद्धत जिवावर बेतते.

स्कूबाला पोहता येण्याची गरज नसते. नवख्यांना प्रशिक्षक हात धरून खाली नेतो आणि आधी उथळ पाण्यात सराव करून घेतो. पण दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर उतरू नका आणि फॉर्मवर खरं लिहा. गर्भारपणाची शक्यता असेल तरी टाळा. सर्दी असताना कानाचा पडदा फाटू शकतो. स्कूबा आणि विमान यांत किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस जाऊ द्या. वरच्या आखणीत स्कूबा मधल्या दिवशी आहे तो याचसाठी. दोघांपैकी एकाला भीती वाटत असेल तर आग्रह करू नका. काचेच्या तळाच्या बोटीतूनही प्रवाळ दिसतं.

खाणं, पैसे, फोन

शाकाहारींची उपासमार होत नाही. इडली-डोसा, पराठे, बंगाली भाजी-भात सगळीकडे मिळतं. ज्वारीची भाकर मात्र विसरा. बेटांवर भाजीपाल्याचा मोठा भाग मुख्य भूमीवरून येतो, म्हणून स्वराज द्वीपावर साध्या थाळीचाही दर चढा वाटेल. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, चिवडा बरोबर असू द्या. आपल्याला उन्हाची सवय असते, पण ते ऊन कोरडं असतं. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शक्ती जाते. शहाळं आणि क्षार-साखरेचं पाणी चालू ठेवा.

चेन्नईहून समुद्रतळातून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट सुधारलं आहे, पण लहान बेटांवर ते दगा देतं आणि त्याबरोबर मोबाइलवरून पैसे देणंही अडतं. तीन दिवस पुरेल इतकी रोख श्री विजय पुरमलाच काढून दोघांत वाटून ठेवा. रक्तदाब, मधुमेहाची औषधं पूर्ण मुदतीची न्या. मोठं सरकारी रुग्णालय फक्त श्री विजय पुरमला आहे, सेल्युलर जेलला अगदी लागून.

शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा, काहीही उचलून आणू नका. प्रवाळ आणि कित्येक शंख वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. दुकानातून घेतलं तर पावती सांभाळा. गंमत म्हणून जुनी, तांबूस रंगाची वीस रुपयांची नोट मिळाली तर न्या. तिच्या मागे अंदमानचंच दृश्य आहे, नॉर्थ बेच्या दीपगृहाकडचं. नव्या वीसच्या नोटेवर आपल्या शेजारचं वेरूळ आहे.

एजंटला विचारायचे प्रश्न

खामगाव, मलकापूर, बुलढाण्यातही आता अंदमानची पॅकेज विकली जातात. पॅकेज घ्यायला हरकत नाही, पण पुढचं सगळं लेखी घ्या. हॉटेलचं नाव आणि खोलीचा प्रकार काय? ‘किंवा तत्सम’ हे शब्द खोडून घ्या. बोट कोणती आणि कोणत्या वर्गाची? जेवणं किती वेळची? स्कूबा, प्रवेशशुल्क, कर धरलेत की वेगळे? बोट रद्द झाली तर जास्तीच्या रात्रीचा खर्च कुणाचा? गाडी दोघांसाठी आहे की इतर जोडप्यांबरोबर? शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात आणि मग सहलभर अनोळखी लोकांची वाट बघत बसतात.

घर सोडण्याआधी

आपल्याकडे दोघांनीच फिरायला जाणं अजून सगळ्या घरांत सहज घडत नाही. सासू-सासऱ्यांची औषधं, मुलांची शाळा, दुभती जनावरं, सालदाराचे पैसे ही व्यवस्था लावून, कोण काय बघणार हे ठरवून निघा. घरी रोज एकच ठरलेल्या वेळी फोन करा. नाहीतर माणूस राधानगरला आणि लक्ष गोठ्यात, असं होतं. नवराबायकोंनी निघण्याआधी आपापल्या तीन इच्छा एकमेकांना सांगाव्यात. एकाला पाण्यात उतरायचं असतं, दुसऱ्याला नुसतं बसायचं असतं. हे घरी कळलं तर दिवस वाटून घेता येतात, तिथे कळलं तर भांडण होतं.

आरक्षणाचा क्रम हा ठेवा. आधी विमान, मग बोट, मग हॉटेल. विमानाची तारीख हलवणं सर्वांत महाग पडतं, हॉटेलची सर्वांत स्वस्त. आणि रजेचा अर्ज भरताना परतीच्या तारखेनंतरचा एक दिवस त्यात धरा. विमान उशिरा आलं, कोलकात्याची गाडी रखडली, तर तो दिवस प्रवासात जाईल. सगळं वेळेवर झालं, तर कपडे धुवून, शेतावर चक्कर मारून, झोप काढून दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल.